जीवाणुभक्षकाची निवड : एका शोधाचा इतिहास



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्याने सूक्ष्मजीवांविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु या इतिहासाचा आरंभ आपल्याच नद्यांच्या काठी झाला आहे.

१८९६ मध्ये आग्र्याचे शास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी नोंदविले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. पुढे अनेकांनी याचे श्रेय जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंना दिले. अशा विषाणूला १९१७ मध्ये पॅरिस येथे फेलिक्स द'एरेल यांनी 'बॅक्टेरिओफेज', म्हणजे जीवाणुभक्षक, हे नाव दिले. पटकीवर त्याचा उपयोग करून पाहण्यासाठी १९२७ मध्ये ते भारतात आले होते.

जीवाणुभक्षक मुळात एकच असून तो निरनिराळ्या जीवाणूंशी जुळवून घेतो, असे द'एरेल मानीत. ऑस्ट्रेलियाचे बर्नेट यांनी मात्र त्याचे प्रकार अनेक असल्याचे दाखविले. प्रत्येक प्रकाराला जीवाणूच्या पृष्ठभागावर ठरावीक खूण लागते. 'लॅम्डा' हा विषाणू ई. कोलाय या जीवाणूच्या ज्या प्रथिनाला चिकटतो, ते माल्टोज ही शर्करा आत घेण्याचे द्वार आहे. ते द्वारच नसेल, तर लॅम्डाला प्रवेश नाही.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले, असेही नाही. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत साल्व्हादोर ल्युरिया यांना असे आढळले की, ई. कोलायच्या एका वाणातून बाहेर पडलेले विषाणू नेहमीच्या ई. कोलायमध्ये वाढत नाहीत. एकदा चाचणीची नळी फुटली, म्हणून त्यांनी आमांशाचे शिगेला जंतू वापरले. त्यांत तेच विषाणू उत्तम वाढले! स्वित्झर्लंडचे वेर्नर आर्बर यांनी १९६० नंतर याचा उलगडा केला. जीवाणू आपल्या डीएनएवर खुणा करून ठेवतो आणि खूण नसलेल्या परक्या डीएनएचे तुकडे करतो. या संशोधनासाठी १९७८ चे नोबेल पारितोषिक आर्बर, नेथन्स व स्मिथ यांना मिळाले.

रोगजंतू कोणता, हे नेमके न ओळखता दिलेला जीवाणुभक्षक निष्फळ ठरतो. आरंभीच्या अनेक उपचारांच्या अपयशामागे हेही एक कारण होते. आज प्रतिजैविके निष्प्रभ होत असताना हीच मर्यादा गुण ठरू पाहत आहे. कारण रोगजंतू मारताना शरीरातील उपकारक जीवाणू सुरक्षित राहतात. मात्र औषधापूर्वी रोगजंतूची अचूक ओळख हवी, हा धडा या इतिहासाने दिला आहे. तो विसरणे रुग्णाला महागात पडेल.