आजोळची मोकळीक

मराठी माणसाला आडनाव, कुळ आणि कुलदैवत बापाकडून मिळते. त्याची नोंद देवघरात, सातबाऱ्यावर आणि बडव्यांच्या वह्यांत सापडते. पण सागरगोटे कसे झेलायचे, कोडे कसे घालायचे, गोष्टीतल्या वाघाला कोणता आवाज द्यायचा, हे त्याला कोणाकडून मिळाले याची नोंद कोणी ठेवली नाही. माझे म्हणणे असे की हा दुसरा वारसा मुख्यतः आईच्या आईकडून आला. आजी, तिच्या लग्न झालेल्या लेकी आणि नातवंडे यांची रोजची थट्टामस्करी ही घरातली किरकोळ करमणूक नव्हती. गेल्या दीड-दोनशे वर्षांत, आणि बहुधा त्याच्याही आधीपासून, मराठी घरगुती संस्कृतीचा फार मोठा भाग तिच्यातूनच एका पिढीकडून दुसरीकडे गेला. आणि हे आजोळी घडले, कारण बाईला मोठ्याने हसायची परवानगी असलेले घर तेवढेच होते.

सासरी ही परवानगी का नव्हती, हे बायकांनीच लिहून ठेवले आहे. रमाबाई रानडे 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. नवरा न्यायाधीश, सुधारक आणि स्वतः शिकवायला बसणारा. तरीही घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांच्या शिकण्यावरून त्यांना कशा घालूनपाडून बोलल्या, ते रमाबाईंच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. इतक्या प्रतिष्ठित घरात अक्षरे गिरवण्याची ही गत होती. इतर घरांतल्या सुनेच्या हसण्याखिदळण्याची काय असेल, याचा अंदाज करता येतो. सुनेने वडीलधाऱ्यांसमोर बसू नये, नवऱ्याशी चारचौघांत बोलू नये, डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये. खेळाला जे जे लागते, म्हणजे मांडी घालून बसणे, हरणे, चिडणे, चिडवणे आणि ओरडणे, ते सगळे या नियमांत बसत नव्हते. माहेरी तीच बाई पुन्हा लेक होई, आणि लेकीला या सगळ्याची मुभा होती.

इथे वयाचा हिशेब नीट करायला हवा, कारण आजी म्हटले की आपल्यापुढे पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली बाई उभी राहते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले. 1929 च्या शारदा कायद्यानेही मुलीचे लग्नाचे वय चौदाच ठरवले. नवव्या-दहाव्या वर्षी लग्न आणि सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण झालेली बाई, तिच्या लेकीचेही तसेच झाले, तर बत्तीस-तेहतीसाव्या वर्षी आजी होत असे. तिचे स्वतःचे शेंडेफळ आणि पहिला नातू एकाच पाळण्यात आलटून पालटून झोपत. मामा-भाचे, मावशी-भाची बरोबरीचे असत, एकमेकांच्या झिंज्या उपटत. अशा घरातली आजी म्हणजे अंगात रग असलेली, स्वतःचे बालपण अर्धेच खेळून झालेली बाई. लेकीशी तिचे नाते आईचे होते तितकेच मोठ्या बहिणीचेही होते. त्या माजघरातली मौज समजून घ्यायची तर आधी आपल्या मनातली म्हातारी बाजूला ठेवावी लागते.

आता ही मोकळीक लहरीवर सोडलेली नव्हती, तिला पंचांगाचा आधार होता. नागपंचमीला लेक माहेरी यायची, झाडाला झोके बांधले जायचे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणात मंगळागौर. ती सासरीही होई, पण माहेरची रात्र वेगळी. भाद्रपदात तर देवीच माहेरवाशीण होऊन येते. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांचे ते माहेरपण ज्याने कोणी बसवले, त्याला लेकीच्या मुक्कामाचे मोल ठाऊक होते. मग दिवाळी आणि भाऊबीज. खानदेशात अक्षय्य तृतीयेची आखाजी. शेतातले काम उन्हाने थांबलेले आणि लेकी गौराई मांडायला, झोके खेळायला आलेल्या. बहिणाबाई चौधरींनी या सणावर लिहिले आहे. या सगळ्यांवर कळस म्हणजे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. तिच्यामुळे बाळाने पहिली बडबड ऐकली ती आजोळी, पहिली तीट लागली ती आजोळी. वारकऱ्यांनी पंढरपूरला माहेर म्हटले, सासर कधीच म्हटले नाही. मोकळेपणा कुठे मिळतो हे त्यांनाही कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

ही गंमत होती तरी कसली? बहुतेक वेळा ती कामातच मिसळलेली असे. वैशाखात उडदाचे पापड निघत. कुटून कुटून मऊ केलेल्या पिठाच्या वळ्या दोऱ्याने कापून लाट्या पाडायच्या, त्या तेलात माखून झाकून ठेवायच्या, आणि बायकांनी गोल बसून लाटायला घ्यायच्या. नातवंडांचे सगळे लक्ष त्या लाट्यांवर. कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्याची चव भाजलेल्या पापडाला नाही, हे ज्यांनी ती खाल्ली त्यांना सांगायला नको. आजी मोजून लाट्या देई, आणखी हवी असेल तर कोडे सोडवायची अट घाली, आणि कोडे सुटले नाही की उत्तर सांगण्याऐवजी मुलांना वाळवणापाशी कावळे हाकलायला पिटाळी. कामही होई आणि उत्तराची ओढही लागून राही. कोड्याचे हे तंत्र लेक पाहत असे, आणि वीस वर्षांनी स्वतःच्या नातवंडांवर तेच चालवीत असे. शिकवणी म्हणतात ती अशीच झाली.

सागरगोट्यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. गजग्याच्या काटेरी वेलीच्या शेंगेतले ते राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे कठीण बी. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, तीन-तीन, शेवटी सगळे एकदम. खेळ बसून खेळायचा, पळायचे काही नाही, त्यामुळे गुडघे धरलेली बाई आणि दहा वर्षांची पोर इथे समोरासमोर येतात. पोरीची नजर चपळ, पण मूठ लहान. पाच बिया त्या मुठीत मावत नाहीत. आईच्या हाताची सवय सासरी राहून मोडलेली. आजी सरळ सरळ जिंकते, आणि पोर डाव मागते. काचापाण्यातही तसेच: फुटक्या बांगड्यांच्या काचा पसरायच्या आणि शेजारच्या काचेला धक्का न लावता एकेक उचलायची. लगोरी, हुतुतू हे अंगणातले खेळ वयाप्रमाणे माणसे वेगळी करतात. माजघरातल्या खेळांनी तीन पिढ्या एका चटईवर बसवल्या. फुगडी आणि पिंगा सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडांत रूपक होऊन आले, म्हणजे ऐकणाऱ्या बायाबापड्यांना ते तोवर पुरते अंगवळणी पडलेले होते. रूपक अनोळखी गोष्टीवर उभे राहत नाही.

गोष्टींमध्येही हीच साक्ष मिळते. भोपळ्यात बसून जंगलातून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी मुलांना पहिल्या पाच-सहा गोष्टींत ऐकायला मिळते. ती म्हातारी वाघाला चकवून जाते कुठे, तर लेकीकडे; करते काय, तर तूप-रोटी खाऊन लठ्ठ होते. मात्र अनेक मराठी घरांत रीत नेमकी उलटी होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, आणि नंतरही लेकीकडे फार दिवस राहणे बरे दिसत नसे. गोष्टीत आजीने ती मनाई मोडली, वर वाघालाही बनवले. ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या पुस्तकातली कुबडी म्हातारी नातीकडे जाऊन दुधी भोपळ्यातून परतते, इराणातही लेकीकडे जाणारी भोपळ्यातली म्हातारी आहे. तेव्हा तिच्यातून मराठी समाजाविषयी काही सिद्ध होत नाही, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की गोष्ट कुठून आली यापेक्षा ती इथे का टिकली हे इतिहासाला महत्त्वाचे. सांगणारी आजी होती, शेजारी माहेरी आलेली लेक बसलेली होती, आणि लेकीच्या घरी तूप-रोटी खाण्याची इच्छा त्या दोघींनाही होती. मुले वाघाला हसत होती, त्या दोघी आणखी कशाला तरी हसत होत्या.

यापेक्षा वजनदार आक्षेप आहेत. बापाची आईसुद्धा आजीच. तिने गोष्टी सांगितल्या नाहीत काय? सांगितल्या, आणि प्रेमाने सांगितल्या. पण त्या वर्तुळात सून क्वचितच बसली, ती चुलीपाशी होती. आजी आणि नातवंडे यांच्यामधली पिढी तिथे गैरहजर होती, आणि वारसा पुढे जायचा तर तीच पिढी लागते. दुसरा आक्षेप मामेबहिणीशी लग्नाच्या रीतीचा. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरील आपल्या अभ्यासात दाखवले की महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. तिथे आत्याच सासू होते, आणि नवऱ्याचे आजोळ तेच बायकोचे माहेर. मग सासर-माहेर हा भेद उरला कुठे? माझ्या मते या रीतीने भेद सौम्य झाला, पुसला गेला नाही. पण एका आजीभोवती दोन्ही बाजूंची नातवंडे गोळा झाली, म्हणजे तिची सत्ता वाढलीच. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. हे सगळे गोड चित्र जात्यावरच्या ओव्यांवरून रंगवलेले आहे, आणि सासरच्या काचातून गाणारी बाई माहेर सोन्याचे करणारच. हे खरे आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये जमवलेल्या ओव्या असोत, की गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी हजाराहून जास्त गावांतून गोळा केलेल्या लाखावर ओव्या, त्यांत माहेरचे कौतुक अपार आहे. म्हणूनच मी ओव्यांपेक्षा पंचांग, खेळांची बांधणी आणि लग्नाची वये यांवर जास्त भर दिला. शिवाय माहेरही नेहमी हसरे नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने गांजलेले घर आहे. आणि नवराबायकोच्या वयातले अंतर पाहता आजी बऱ्याचदा विधवा असे. हळदीकुंकवाला, मंगळागौरीच्या पूजेला तिला जागा नव्हती. तिच्या हाती उरले ते बिनमुहूर्ताचे क्षण: दुपारचा डाव, रात्रीची गोष्ट, पापडाची लाटी. सणातून वगळलेल्या बाईने रोजच्या दिवसात आपला सण मांडला, आणि आपला हा वारसा जो इतका घरगुती, इतका मंत्राविना आहे, त्यामागे तिचा हात आहे असे मला वाटते. त्याची किंमत तिने मोजली, हे विसरून त्याचे कौतुक करणे मात्र अन्यायाचे होईल.

विसाव्या शतकात माहेरपणाचे वेळापत्रक बदलले. शाळा आल्या, मे महिन्याची सुट्टी आली, आगगाडीमागून 1948 साली एसटी सुरू झाली, आणि लेकीचे येणे सणावरून सुट्टीवर गेले. गदिमांच्या अगीनगाडीच्या गाण्याने ‘मामाचे गाव’ पोरांच्या तोंडी कायमचे बसवले. घर मामाच्या नावावर, डाव मांडणारी आजी. पिठाच्या गिरण्यांनी जाते थांबवले तेव्हा ओवी गेली, पण सागरगोटे आणि कोडी सुट्टीच्या आश्रयाने आणखी एक-दोन पिढ्या तगली. सरोजिनी बाबर आणि लोकसाहित्य समितीने ही सामग्री छापून ठेवली ती नेमकी याच काळात, आणि वेळेवर.

आता प्रवासाची दिशा उलटली आहे. लेक पुण्यात, बंगळुरात नाही तर न्यू जर्सीत नोकरी करते, बाळंतपणाला तिला माहेरी यायला सवड नाही, म्हणून आई विमानात बसून तिच्याकडे जाते आणि व्हिसा असेल तितके महिने राहते. काही जणांना यात आजोळाचा अंत दिसतो. मला तसे वाटत नाही. ज्या अटीवर हा वारसा चालत आला ती अट घराच्या पत्त्याची नव्हती. लेकीला कोणाच्या धाकाविना आईशेजारी बसता यावे, एवढीच ती होती. ते घर आता लेकीचे स्वतःचे आहे, तिच्या पगाराचे आहे, आणि तिथे आईने जेवू नये असे म्हणणारे कोणी उरलेले नाही. अडचण असलीच तर वेळेची आहे. सागरगोट्यांत मूठ बसायला रोजच्या दुपारी लागतात. सहा महिन्यांच्या मुक्कामात, लेक कामावर आणि नात पाळणाघरात असताना, त्या किती मिळतात यावर पुढचे ठरेल.