रुतणे, घसरणे, उसळणे : हिमगाडीच्या पट्ट्याची कथा

जानेवारी १९३४. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या गॅरेजवाल्याचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रुग्णालय शेरब्रुक शहरात. रस्ते बर्फाखाली बुजलेले. त्या काळी तेथील खेड्यांत हिवाळा सुरू झाला की मोटारी वसंत ऋतूपर्यंत झाकून ठेवीत आणि घोड्याच्या घसरगाड्या बाहेर काढीत. बर्फावर चालणारी गाडी बनविण्याचे बोंबार्डिएचे प्रयोग तेव्हा सुरूच होते, पण रुग्णाला नेता येईल अशी गाडी तयार नव्हती. मूल दगावले.

या दु:खातून हिमगाडीचा, म्हणजे स्नोमोबाईलचा, शोध लागला असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. गोष्ट हृदयस्पर्शी आहे, पण इतिहास म्हणून अपुरी आहे. बोंबार्डिएची पहिली गाडी १९२२ सालची, तो पंधरा वर्षांचा असतानाची. दु:खाने त्याला नेट दिला असेल, उत्तर मात्र दिले नाही. ते मिळाले गाडी नेमकी कशामुळे अडते याचे निदान एकेक पायरीने होत गेले तेव्हा.

पहिली अडचण रुतण्याची. साठ किलो वजनाचा माणूस दोन पायांवर उभा आहे आणि त्याच्या तळव्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१५ किलो भार झाला. चालताना एकच पाय टेकलेला असतो तेव्हा तो दुप्पट होतो. म्हणून भुसभुशीत बर्फात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. आता २०० किलोच्या हिमगाडीवर ७० किलोचा स्वार बसला आणि तिचा ३८ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा एक मीटर लांबीपर्यंत बर्फाला टेकला, तर भार पडतो दर चौरस सेंटिमीटरला अवघा ०.०७ किलो. गाडी माणसाच्या चौपटीहून जड, पण दाब उभ्या माणसाच्या निम्मा! वर्गात हे दाखवायला परातीत रवा पसरून वीट एकदा उभी आणि एकदा आडवी ठेवली तरी पुरे.

पट्ट्याची कल्पना बोंबार्डिएची नव्हे. अमेरिकेच्या मेन राज्यात अल्व्हिन लोंबार्ड याने १९०१ मध्येच लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या पट्टागाडीचे पेटंट घेतले होते. रॉबर्ट स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर तीन मोटार-स्लेज नेल्या. एक जानेवारी १९११ मध्ये जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी इंजिने बिघडल्यामुळे वाटेत सोडून द्याव्या लागल्या. ‘बर्फावर मोटार चालत नाही’ असा निष्कर्ष यावरून सहज निघाला असता. पण पट्टे आपले काम नीट करीत होते. दगा दिला तो हवेने थंड होणाऱ्या इंजिनांनी. ती अति तापत. बिघाड कोठे आहे आणि कोठे नाही, हे वेगळे करणे किती महत्त्वाचे असते पाहा.

दुसरी अडचण घसरण्याची. १९२२ च्या गाडीत किशोरवयीन बोंबार्डिएने ती चक्क टाळली. फोर्डच्या जुन्या इंजिनाला त्याने विमानासारखा पंखा जोडला. गाडी हवेच्या रेट्याने सरकली, त्यामुळे बर्फावर पकड मिळविण्याचा प्रश्नच उरला नाही. पण उघडा फिरणारा पंखा पाहून वडिलांनी ती मोडायला लावली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळा प्रयत्न चालू होता. आदोल्फ केग्रेस या अभियंत्याने रशियाच्या झारच्या पदरी असताना बर्फासाठी रबरी पट्ट्याची मोटार तयार केली होती. रशियन क्रांतीनंतर तो मायदेशी परतला आणि सित्रोएन कंपनीने त्याची रचना उचलली. १९२२ च्या डिसेंबरात या गाड्या सहारा ओलांडायला निघाल्या. पुढे १९३१ मध्ये त्यांतल्या दोन श्रीनगरहून गिलगिटच्या वाटेने हिमालयातही चढल्या. मात्र आरंभीच्या केग्रेस रचनेत चालक चाक पट्ट्याला केवळ घर्षणाने फिरवी. कोरड्या वाळूत हे जमले. चाक आणि पट्टा यांच्यामध्ये ओला बर्फ शिरला की घर्षण कमी होते, चाक फिरते आणि पट्टा जागेवर राहतो. विहिरीवरच्या पंपाचा पट्टा पावसात भिजला की कसा घसरतो ते आपण पाहिलेलेच आहे.

बोंबार्डिएने १९३५ मध्ये यावर उपाय काढला. दोन रबरी पट्टे आडव्या पोलादी पट्ट्यांनी शिडीसारखे जोडायचे आणि त्या पायऱ्यांत दात अडकतील असे दंतचक्र बसवायचे. ओढ घर्षणावर अवलंबून राहिली नाही. आणि दंतचक्रावर रबराचे आवरण दिल्याने बर्फ चिकटून दातांमधली जागा बुजण्याची अडचणही कमी झाली. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याची सात माणसांची ‘बी-७’ आणि पुढे बारा माणसांची ‘बी-१२’ ही गाडी क्वेबेकच्या खेड्यांत डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले यांना नेऊ लागली. ज्या वाटेवर त्याचे मूल अडले होते, तशा वाटा हिवाळ्यातही खुल्या झाल्या.

१९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटविण्याचा कायदा केला आणि मोठ्या हिमगाड्यांची मागणी एकदम घटली. बोंबार्डिए दलदलीत व जंगलात चालणाऱ्या पट्टागाड्यांकडे वळला. मात्र एकदोघांपुरती लहान गाडी करण्याचे जुने स्वप्न त्याने सोडले नव्हते. हलकी इंजिने मिळू लागल्यावर आणि अखंड, बिनजोडाचा रबरी पट्टा तयार करता आल्यावर १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आली. बोंबार्डिए १९६४ मध्ये वारला.

वेग वाढला तशी तिसरी अडचण पुढे आली, उसळण्याची. पट्टा हवेत उडाला तर तो कशाला ढकलणार? सुरुवातीच्या गाड्यांत पट्ट्याच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या चाकांच्या जोड्या असत. त्यांचा भार ठिपक्याठिपक्यांनी पडे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या जागी दोन लांब रूळ आले. पट्टा रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, आणि रूळ दोन भुजा, स्प्रिंगा व धक्काशोषक यांच्या आधाराने गाडीला जोडलेले असतात. भार सलग पसरतो. मात्र या प्लास्टिकला वंगण व थंडावा मिळतो तो उडणाऱ्या बर्फाच्या चुऱ्यातूनच. टणक, गुळगुळीत बर्फावरून बराच वेळ गाडी हाकली तर ते तापून वितळू लागते.

आजचा कारागीर गाडी तपासतो तेव्हा हाच इतिहास उलगडत असतो. ‘गाडी वळत नाही’ अशी तक्रार आली की स्वाराचे लक्ष पुढच्या पट्ट्यांवर, म्हणजे स्कींवर, जाते. पण दोष पुष्कळदा मागे असतो. मागची स्प्रिंग मऊ पडली की गाडीचे बूड खाली बसते, पुढचा भार कमी होतो आणि स्की बर्फाला नुसत्या टेकून राहतात. म्हणून गाडीची मागची बाजू पूर्ण उचलून उंची मोजतात, मग स्वाराला बसवून पुन्हा मोजतात. दोन्हींतला फरक स्प्रिंगची अवस्था सांगतो. पुढच्या भुजेला एक आवर-पट्टी असते. ती आवळली तर भार स्कींकडे जातो, वळण सुधारते, पण पट्ट्याची पकड घटते. सैल केली तर उलट. जोर देताच मागून कटकट आवाज आला, तर पट्टा सैल होऊन दंतचक्राचे दात निसटत असण्याचा संभव असतो. आणि पट्टा फार ताणला तर बेअरिंगे झिजतात.

सियाचेनवर आपले जवान स्नो स्कूटर वापरतात आणि गुलमर्गला पर्यटकही त्यांवर बसतात. त्यांच्या पट्ट्यामागे हीच तीन अडचणींची कथा आहे.

विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न विचारावा : भुसभुशीत बर्फात रुतलेल्या गाडीच्या इंजिनाची ताकद दुप्पट केली तर ती बाहेर येईल का? बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर जातील. मग आठवण करून द्यावी, की पट्ट्याची पकड ही त्याखाली दाबल्या गेलेल्या बर्फाच्या थराएवढीच असते. त्याहून जास्त जोर लावला की तो थर कापला जातो आणि गाडी स्वत:साठी खड्डा खणते. पावसाळ्यात चिखलात फसलेला ट्रक गावात कोणी ना कोणी पाहिलेला असेलच. चालक जोर वाढवत होता तेव्हा काय झाले आणि कोणी चाकाखाली गोणपाट घातले तेव्हा काय झाले, हे त्या मुलालाच सांगू द्यावे.