पुन्हा सही

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगू नये, हे मला कळते. परंतु या दोन शब्दांचे नाते जुने आहे. पूर्वी पेढी बुडाली म्हणजे व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, आणि त्यावरूनच ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे काही जाणते सांगतात. एक दिवा लक्ष्मीच्या स्वागताचा, दुसरा तिच्या पाठमोऱ्या पावलांचा! वाचकांनी आज घटकाभर त्या दुसऱ्या दिव्यापाशी बसावे, एवढीच विनंती.

निमित्त घडले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या फोनचे. तो अमेरिकेत असतो. त्याचे किराणा दुकान बुडाले आणि त्याने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तेथील कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली त्याची बहुतेक देणी माफ होणार होती. परंतु वकिलाने दोन कागद पुढे ठेवले होते. एक घराच्या कर्जाचा, दुसरा मोटारीच्या. ‘हे कर्ज माफ झाले तरी मी ते फेडीन,’ असे नव्याने लिहून द्यायचे की नाही, हा प्रश्न होता.

“सर, बाबा गावाहून म्हणतात, आपल्या घराण्यात कुणी पैही बुडवली नाही, मुकाट्याने सही कर. वकील म्हणतो, विचार कर. तुम्ही इतिहास शिकवता. काय करू?”

मी एक दिवसाची मुदत मागितली आणि मार्क ट्वेनकडे वळलो.

हा जगाला हसवणारा लेखक 1894 साली स्वतः बुडाला. अक्षरे जुळवणाऱ्या एका यंत्रात त्याने वर्षानुवर्षे पैसा ओतला, ते यंत्र चालले नाही. आणि 18 एप्रिल 1894 रोजी त्याची प्रकाशनसंस्थाही बंद पडली. स्टँडर्ड ऑइल कंपनीतील हेन्री रॉजर्स हा मित्र मदतीला धावला. ट्वेनच्या पुस्तकांचे हक्क त्याने पत्नी लिव्हीच्या नावे करविले. हार्टफर्डचे घर तिचेच होते. सावकारांशी अर्ध्यामुर्ध्यावर तडजोड करून मोकळे होणे शक्य होते. परंतु नवराबायकोने ठरविले की, डॉलरचे शंभर सेंट द्यायचे. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जुलै 1895 मध्ये, हा गृहस्थ व्याख्याने देत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्या ऋणाच्या वाटेवरच जानेवारी 1896 मध्ये तो मुंबईला आला, वॉटसन हॉटेलात उतरला आणि नॉव्हेल्टी थिएटरात त्याने मुंबईकरांना हसविले. तिकिटाचे पैसे देणाऱ्या आपल्या आजेपणजांचाही त्या कर्जफेडीला हातभार लागला म्हणायचा! 1898 च्या सुरुवातीस सारे देणे फिटले.

हे वाचून मीही म्हणणार होतो, “बाबा रे, सही कर.” पण पुन्हा वाचताना लक्षात आले की, ट्वेनने फेडले खरे, पण घर गहाण टाकणारा नवा कागद लिहून दिला नाही. उलट घर आणि पुस्तके मित्राने आधीच सुरक्षित केली होती. म्हणूनच त्याला शांत चित्ताने कमावता आले. फेडणे ही एक गोष्ट, आणि फेडीन म्हणून पुन्हा बांधून घेणे ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीचाही इतिहास आहे. इंग्लंडात 1777 साली लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने निकाल दिला की, दिवाळखोराने नंतर नवे वचन दिले तर ते त्याला बांधते, कारण देणे सदसद्विवेकाला धरून असते. तत्त्व उदात्त होते. पण असली तत्त्वे सावकाराच्या हाती पडली म्हणजे काय होते, ते आपल्या दख्खनला चांगले ठाऊक आहे. 1859 साली कर्जाच्या दाव्याला मुदत घालणारा कायदा झाला. रयतेला त्यातून आसरा मिळायचा. पण मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलावी, व्याज मुद्दलात मिळवी आणि नव्या रोख्यावर अंगठा घेई. दर अंगठ्यागणिक कर्ज फुगे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगल उसळली, तेव्हा लोकांनी प्रथम ते रोखेच मागितले आणि जाळले. मग 1879 च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला.

अमेरिकेलाही हेच शहाणपण उशिरा सुचले. 1898 च्या कायद्याखाली धनको माफ झालेल्या देण्याचे नवे वचन सहज काढून घेत. 1978 च्या कायद्याने त्यावर न्यायालयाची नजर बसविली. आज सही केल्यावरही न्यायालयाचा मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत, किंवा करार दाखल झाल्यापासून 60 दिवसांपर्यंत, जे नंतर येईल तोवर, शब्द मागे घेता येतो. 2005 पासून मिळकत आणि खर्चाचा मेळ बसत नसेल तर न्यायाधीश करार नाकारू शकतो. मात्र घराच्या कर्जाला त्याची मंजुरी लागत नाही. आणि मोटारीबाबत नियम कडक झाले: सही करा, आजच्या किमतीइतकी रोख एकरकमी भरून ती सोडवा, नाहीतर परत द्या. घराचे तसे नाही. सही न करताही हप्ते वेळेवर भरले तर बहुधा घरात राहता येते. पुढे हप्ते थकले तर घर जाते, पण विक्रीनंतर उरलेले देणे अंगावर येत नाही. सही केली असेल तर घरही जाते आणि देणेही उरते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सारे सांगितले. निर्णय मात्र त्याने घेतला. घराच्या कागदावर सही न करता तो हप्ते भरू लागला. मोटारीवर तिच्या किमतीहून कर्जच जास्त होते. ती त्याने परत दिली आणि कामावर बसने जाऊ लागला.

ट्वेनच्या घराचे पुढे काय झाले, हेही मी त्याला सांगितले. ऑगस्ट 1896 मध्ये, आई आणि बहीण अजून बोटीवर असताना, त्याची मुलगी सूझी त्याच घरात वारली. लिव्हीला तेथे पुन्हा राहवेना. जपलेले घर त्यांनी अखेर 1903 साली विकले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, दुकानाला धान्य पुरवणारा एक म्हातारा आहे. त्याचेही पैसे माफ झाले. ते दिले तर कायदा अडवतो का?”

“नाही,” मी म्हणालो, “स्वखुशीने दिलेल्या पैशाला तेथला कायदाही आड येत नाही.”

परवा त्याचा फोन आला. त्या म्हाताऱ्याला तो दरमहा थोडे थोडे पाठवतो. कागद कोणताच नाही.

“आणि बाबा काय म्हणतात?” मी विचारले.

तो हसला. “ते आता सहीचे नाव काढत नाहीत. एवढेच विचारतात, त्या म्हाताऱ्याचे या महिन्याचे गेले का?”