घरच्या पैशाचा अभ्यास : प्रस्तावना

अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेला मुलगा तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न मोजायला शिकतो, रेपो दर वाढला की काय होते हे घडाघडा सांगतो. मग पहिला पगार होतो आणि तो विचारतो, “बाबा, पैसे कुठे ठेवू?” बाबा ओळखीच्या विमा एजंटाला फोन लावतात. यात दोष मुलाचा नाही नि बाबांचाही नाही. सरकारी तिजोरी, कंपन्यांचे ताळेबंद, शेअर बाजारातले भाव यांचा अभ्यास विद्यापीठांत कधीचाच सुरू होता. घरातल्या पैशाला स्वतंत्र विषयाचा मान मात्र फार उशिरा मिळाला. २००६ साली हार्वर्डचे जॉन कॅम्पबेल यांनी अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून भाषण केले, त्याचा विषयच ‘हाउसहोल्ड फायनान्स’ होता. ही शाखा आज त्याच नावाने ओळखली जाते. मराठी वाचकाने तिच्यात यावे, निःसंकोच यावे, यासाठी हे पुस्तक आहे.

संकोचाचे खरे तर कारण नाही. व्याजाचे गणित आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, एक उदाहरण येते : शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाचे किती? उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. हिशेब होता, पण तो कोणाच्या बाजूला होता हे पाहिले पाहिजे. सावकाराला व्याज काढता येत होते, कुळाला अंगठा उठवता येत होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरांतल्या कर्जरोख्यांवर होता, आणि जागोजागी त्या रोख्यांची होळी झाली. पाऊणशे वर्षांनी, १९५१-५२ मध्ये, ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली. तिच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. सावकारांचा सत्तरच्या आसपास. घरगुती वित्तव्यवहाराचा अभ्यास महाराष्ट्रात कर्जापासून सुरू होतो, बचतीपासून नव्हे, हे या विषयात शिरताना ध्यानात असू द्यावे.

या पुस्तकामागची भूमिका एका वाक्यात सांगता येईल. घरात पैशाची जी जी सवय टिकून राहते, ती कोणता तरी खरा प्रश्न सोडवत असते आणि त्याची किंमतही घेत असते; ती किंमत मोजणे म्हणजे हा अभ्यास. ‘लोकांना अक्कल नाही’ असे गृहीत धरून लिहिलेली पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाही.

भिशीचेच पाहू. बारा जणी, दरमहा प्रत्येकीचे दोन हजार. चिठ्ठी निघते, एकीला चोवीस हजार मिळतात. पहिल्याच महिन्यात जिचे नाव निघाले तिला उरलेल्या अकरा जणींनी बिनव्याजी कर्ज दिले. जिचे नाव शेवटी निघाले तिने वर्षभर सगळ्यांना बिनव्याजी दिले. तेच पैसे तिने साडेसहा-सात टक्क्यांच्या रिकरिंगमध्ये टाकले असते तर साडेआठशे-नऊशे रुपये व्याज सुटले असते. हे तिला कळत नाही असे नाही. तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा भिशीत असते. का? क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९६२ साली अशा फिरत्या पतमंडळांवर लिहिताना त्यांना विकासाच्या शिडीतली मधली पायरी म्हटले. बँका आल्या की त्यांची गरज संपेल असा त्याचा कयास होता. (बँका आल्या, त्यांची ॲपही आली, आणि भिशीचा आता व्हॉट्सॲप ग्रुप असतो.) १९९३ मध्ये बेस्ली, कोट आणि लाउरी यांनी गणिताने दाखवले, की फ्रिज किंवा शिवणयंत्रासारखी वस्तू थोडी थोडी घेता येत नाही, म्हणून एकट्याने साठवण्यापेक्षा मंडळात शेवटची सोडून बाकी सगळ्यांना ती लवकर मिळते, आणि शेवटचीला उशीर असा होतच नाही. त्याहून बोलका निष्कर्ष नैरोबीच्या किबेरा वस्तीतला. अँडरसन आणि बालांद यांनी २००२ मध्ये मांडले, की तिथल्या विवाहित स्त्रिया अशा मंडळात जातात त्यामागे नवऱ्याच्या हातून पैसा वाचवण्याचा हेतू मोठा आहे. “अहो, ते पैसे भिशीत अडकलेत” हे वाक्य ज्यांनी घरात ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणजे ते आठ-नऊशे रुपये हे शिस्तीचे आणि गुप्ततेचे शुल्क. ते महाग आहे का, हे त्या बाईच्या घरावर अवलंबून आहे. जोखीम मात्र वेगळी मोजावी लागते : लवकर पैसे उचललेल्या बाईने हप्ते थांबवले तर दाद मागायला जागा नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ते भिशीला नाही आणि, पुष्कळांना ठाऊक नसते, पतसंस्थेतल्या ठेवीलाही नाही.

सोन्याबद्दल तज्ज्ञ नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, तरुण रामदुराई यांच्या समितीचा २०१७ चा अहवाल सांगतो, की सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी ८४ टक्के घर-जमीन आणि इतर वस्तूंमध्ये, ११ टक्के सोन्यात आणि अवघे ५ टक्के आर्थिक साधनांत आहेत. आकडा चिंतेचा आहे खरा. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाईच्या नावावर ना घर होते ना शेत, तिच्या हक्काची म्हणावी अशी वस्तू म्हणजे अंगावरचे दागिने. अडीनडीला ते गहाण ठेवता येत, आणि त्यासाठी कोणाची सही लागत नसे. किंमत? घडणावळ, घट, मोडीचा भाव. दागिना घेतला त्याच दिवशी विकायला नेला तर किती हाती येते ते एकदा सराफाला विचारून पाहावे.

आता जिथे किंमत दिसतच नाही असे उदाहरण. पब्लिक प्रॉव्हिडंट फंड १९६८ पासून चालत आलेला, सरकारी, करमुक्त, मध्यमवर्गाचा लाडका. दरवर्षी एप्रिलच्या पाच तारखेच्या आत दीड लाख भरले (महिन्याचे व्याज पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मिळते), आणि ७.१ टक्के दर कायम राहिला असे धरले, तर पंधरा वर्षांत साडेबावीस लाख भरून सुमारे ४०.६८ लाख मिळतात. जवळजवळ दुप्पट! आता महागाई सहा टक्के धरू. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या त्या रकमेत आजच्या भावाने सुमारे १७ लाखांचीच खरेदी होईल. भरलेले हप्तेही आजच्या भावात मोजायला हवेत, कारण शेवटचे हप्ते स्वस्त झालेल्या रुपयांत भरलेले असतात. ती बेरीज साडेपंधरा लाखांच्या जवळ येते. पंधरा वर्षांच्या शिस्तीची खरी कमाई दीड लाख. योजना वाईट ठरत नाही. पैशाचे मोल तिने राखले, वर थोडे दिले, झोप मोडली नाही. पण फक्त तिच्यावर म्हातारपण काढू म्हणणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

मग शेअर बाजार? दीर्घ मुदतीत महागाईच्या पुढे जायचे तर धंद्यातली भागीदारी लागतेच, आणि सामान्य माणसाला ती इंडेक्स फंडासारख्या कमी खर्चाच्या मार्गाने घेता येते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये जोखीम विभागण्याला गणिताचा पाया दिला, त्याचा हा घरगुती उपयोग. मात्र मुंबईकराने १८६५ विसरू नये. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बेच्या भरावाचे शेअर घेण्यासाठी शहर वेडे झाले, यादवी संपली आणि त्या वर्षीच्या १ जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. सुरक्षित समजलेले कागदही दगा देतात : युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ या योजनेची फेरखरेदी जुलै २००१ मध्ये थांबली, तेव्हा तिला ठेवीसारखी समजून बसलेले पेन्शनर हवालदिल झाले. बाजारात पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही असाच पैसा टाकावा, हा नियम अशा अनुभवांतून आला आहे.

विमा, कर, मृत्युपत्र यांची प्रकरणे पुढे आहेत. इथे त्यांवर बोलत नाही. अंदाजपत्रकाबद्दल मात्र एक तक्रार नोंदवतो. या विषयावरची बहुतेक पुस्तके महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. त्याचे मूळ पगाराच्या बारा टक्के पीएफमध्ये हातात पडण्याआधीच कापले जातात. थेलर आणि बेनार्ट्झी यांनी अमेरिकेत एका कंपनीत, पगारवाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाईल अशी योजना राबवली, तेव्हा चाळीस महिन्यांत बचतीचे प्रमाण साडेतीनवरून साडेतेरा टक्क्यांच्या वर गेले. माणसाच्या निर्धारापेक्षा आपोआप होणारी कपात भरवशाची, हे त्यातून सिद्ध झाले. पण उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे काय? रिक्षावाल्याचे, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईचे काय? त्यांचे उत्पन्न वर्षाला पुरेसे असते, आठवड्याला पुरत नाही. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या २००९ च्या ग्रंथात बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कुटुंबांच्या वर्षभराच्या पैशाच्या नोंदी आहेत. कमाई कमी हा एक त्रास, ती अवेळी येते हा दुसरा, हे त्या नोंदींतून लख्ख दिसते. अशा नोंदी मराठी घरांतून फार थोड्या गोळा झाल्या आहेत. तरुण अभ्यासकांना इथे कामाला भरपूर वाव आहे. आजीच्या ट्रंकेत जमाखर्चाच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत, एवढी विनंती.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकाने एक कोरा कागद घ्यावा. एका बाजूला घरातली सर्व कर्जे व्याजदराच्या उतरत्या क्रमाने लिहावीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती पहिली येईल, कारण तिचा दर वर्षाला छत्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातो, आणि तेवढा खात्रीचा परतावा कोणतीही गुंतवणूक देत नाही. दुसऱ्या बाजूला भिशी, पोस्ट, सोने, पॉलिसी, फंड जे असेल ते, ज्याच्या नावावर असेल त्याच्या नावासह, लिहावे. नवरा-बायकोने हा कागद एकत्र बसून भरावा. पुढची प्रकरणे तो शेजारी ठेवूनच वाचायची आहेत.