रहिवासी कोण? डहाणूच्या एका लढ्याची अर्धी राहिलेली नोंद

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राविरुद्धचा लढा आता इतिहासजमा झाला आहे. तो सांगितला जातो तो असा: घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या, खाडीकाठी येऊ घातलेले 500 मेगावॅटचे कोळशावरचे केंद्र, आणि त्याविरुद्ध कोर्टात उभे राहिलेले रहिवासी. हे खोटे नाही. पण या ‘रहिवासी’ शब्दात कोण मावला आणि कोण बाहेर राहिला, हे आपण विचारले पाहिजे.

आधी हकिकत. केंद्र सरकारने 1989 मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गट उच्च न्यायालयात गेला, हरला. सर्वोच्च न्यायालयानेही 19 मार्च 1991 रोजी दाद दिली नाही. प्रकल्प आणि निसर्ग यांचा मेळ घालणे हे सरकारचे काम, सरकारने सगळ्या बाजू विचारात घेतल्या की नाही एवढेच आम्ही पाहू, अशी न्यायालयाची भूमिका होती. मात्र धुरातला गंधक अडवणारी यंत्रणा बसवण्याची अट पुरत्या विचाराशिवाय सैल करू नका, असेही त्याने बजावले. आणि तीनच महिन्यांनी, 20 जून 1991 ला, त्याच केंद्र सरकारने सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला! आधी चिमणी, मग नाजूकपणा.

केंद्र 1995 मध्ये सुरू झाले. पुढे बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये आदेश दिला आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. गंधकाची यंत्रणा बसवा, असा आदेश 1999 मध्ये काढला. ती चालू झाली 2007 मध्ये. चिमणी पेटल्यापासून बारा वर्षे.

आता वाड्यांकडे वळू. ज्या हिरवाईसाठी हा लढा झाला, ती उभी राहिली कुणाच्या पाठीवर? लग्नासाठी चार पैसे उचलायचे आणि त्या कर्जापायी नवराबायकोने मालकाच्या दारात आयुष्य काढायचे, या लग्नगडीच्या चालीबद्दल आणि वेठीबद्दल सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने 1938 मध्येच लिहून ठेवले आहे. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीचा संप चालू असताना तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले. तीही याच तालुक्यांतल्या रहिवाशांची हरकतच होती. सरकारने मात्र तिला दंगा म्हटले.

वाडीवाल्यांच्या हेतूवर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. मी ते करणार नाही. नर्गिस इराणी यांच्यासारख्यांनी आयुष्याची वर्षे कागदपत्रांत घातली. मोहोर गळाला तर मालकाचे उत्पन्न घटते, पण मजुराची चूल आधी विझते. खाडीचे पाणी बिघडले तर मासळीवर जगणाऱ्याचे काय होते, ते सांगायला नको. लाभ सगळ्यांचाच होता. पण कोर्टाची भाषा, वकिलाची फी आणि मुंबईची ओळख ज्यांच्यापाशी होती, तेच अर्जदार झाले. माझे आईवडील अंगठा उठवणारे. निकालपत्र वाचताना मला राहून राहून वाटले की या अर्जावर सही करायला त्यांना कुणी बोलावले असते का?

डिसेंबर 1996 हा महिना मला फार बोलका वाटतो. प्राधिकरणाची अधिसूचना त्याच महिन्यात निघाली, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही त्याच महिन्यात आला. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात मोडतात. प्राधिकरण लगेच कामाला लागले. पेसाचे नियम महाराष्ट्राने 2014 मध्ये केले! तज्ज्ञांच्या समितीला कचेरी मिळाली आणि ग्रामसभेला अठरा वर्षे थांबावे लागले.

मग काय झाले? धर्माधिकारी 2019 मध्ये वारले. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवण बंदराला संमती दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. या वेळी विरोधाच्या आघाडीवर मच्छीमार होते, आदिवासी होते. 1998 मध्ये समितीतल्या शहाण्या माणसांनी बंदर अडवले, याचा आपल्याला आनंद झाला होता. पण जो हक्क समिती देते तो समितीच काढून घेऊ शकते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

वर्गात हे सारे सांगत होतो. तलासरीकडचा एक मुलगा, एरवी न बोलणारा, तास संपल्यावर थांबला. म्हणाला, “सर, आमचा पणजा तलवाड्याच्या जमावात होता असं आजी सांगते. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात आहे का?” मी म्हटले, आजीला विचार, ती सांगेल ते तसेच उतरवून आण. दिवाळीनंतर त्याने वही आणली. अकरा पाने भरली होती. चिकूचा उल्लेख एकदाच होता: वाडीत खाली पडलेले फळ उचलले म्हणून आजीने खाल्लेल्या माराचा.