कलाभवनाचा धडा

सुरतेजवळच्या पलसाणा भागात आज कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत, आणि खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या उद्योगावर पोट भरतात. मुलाची बारावी झाली की बाप आम्हा शिक्षकांना विचारतो, “गुरुजी, याला पुढे काय शिकवू? आज शिकलेले यंत्र हा पदवी घेईपर्यंत मोडीत निघाले तर?” या प्रश्नाचे उत्तर याच मुलखाच्या इतिहासात आहे, कारण पलसाणा महाल पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे.

१८६३ साली दोन मुले जन्मास आली. एक नाशिककडील कवळाणे येथे शेतकऱ्याच्या घरी, दुसरे सुरतेस सुतार कुळात. पहिले पुढे महाराज सयाजीराव गायकवाड झाले, दुसरे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर. या दोघांच्या सहकार्याने १८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले.

काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८ साली मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि नीळशेतीस उतरती कळा लागली. अशा वेळी रंगाऱ्याला नुसती कृती पाठ करवून काय साधणार? डबा बदलला की कृती बदलते. म्हणून रंगकामाला रसायनशास्त्राचा पाया हवा आणि ते ज्ञान देशी भाषेतून मिळावे, असा गज्जरांचा आग्रह होता.

याच संस्थेत दादासाहेब फाळके काही काळ शिकले. तेव्हा चित्रपटाचा धंदाच अस्तित्वात नव्हता. अर्थात तो त्यांना कोणी शिकविलाही नाही. परंतु प्रकाश, भिंग आणि रसायने यांच्याशी हात बसलेला होता. त्या तयारीवर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठात कलाभवन तंत्रविद्येची शाखा म्हणून सामील झाले.

तेव्हा पलसाण्याच्या त्या बापाला मी एवढेच सांगतो: महाविद्यालयात कोणते नवे यंत्र आहे, हे अवश्य पाहा; पण ते का चालते, हे तेथे मुलाला समजेल अशा भाषेत शिकवितात का, आणि त्याचे हात कामाला लावतात का, हे आधी विचारा. यंत्र जुने होईल. ही समज मात्र पुढच्या यंत्रापाशीही त्याच्या उपयोगी पडेल.