बदलती नळी आणि स्थिर नेम : अदलाबदलीच्या सुट्या भागांचा इतिहास व रायफलच्या अचूकतेचा प्रश्न

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास शिकविताना 'अदलाबदलीचे सुटे भाग' ही संकल्पना एक-दोन वाक्यांत सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. एली व्हिटनी या अमेरिकन कारखानदाराने बंदुकीचे सर्व भाग एकसारखे बनविले, कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसू लागला, कुशल कारागिराची गरज संपली व त्यातून प्रचंड उत्पादनाचे युग सुरू झाले, अशी ही कथा आहे. या कथेचा पूर्वार्ध इतिहाससंशोधकांनी कधीच मोडीत काढला आहे. उत्तरार्ध मात्र, म्हणजे भाग एकसारखे झाले की कौशल्य अनावश्यक ठरते हा समज, अद्याप पाठ्यपुस्तकांत व वर्गांत टिकून आहे.

प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी रायफलच्या नळीच्या आधारे केली आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, भाग 'बसणे' आणि शस्त्राने पूर्वीप्रमाणेच 'नेम धरणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला येथे जुळणीची अदलाबदल व दुसरीला नेमाची अदलाबदल असे म्हटले आहे. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्य झाली. दुसरी आजही केवळ यंत्राने साध्य होत नाही. तिच्यासाठी मोजमाप, नोंद आणि जाणकार हात यांची गरज कायम राहिली आहे.

आरंभ : नळी नव्हे, चापयंत्रणा

अदलाबदलीच्या विचाराचा उगम अमेरिकेत नसून फ्रान्समध्ये आहे. १७६५ पासून जनरल ग्रिबोव्हाल याने फ्रेंच तोफखान्यात मापांची एकवाक्यता आणण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याच्याच आश्रयाने ओनोरे ब्लाँ या शस्त्रकाराने बंदुकीच्या चापयंत्रणेचे भाग साचे व गेज यांच्या साहाय्याने एकसारखे बनविले. १७८५ मध्ये फ्रान्समधील अमेरिकेचे प्रतिनिधी थॉमस जेफरसन यांनी ब्लाँची कार्यशाळा पाहिली आणि मिसळलेल्या भागांतून हाताला येतील ते उचलून स्वतः चापयंत्रणा जुळविल्या. हा वृत्तांत त्यांनी त्याच वर्षी जॉन जे यांना कळविला.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. जेफरसन यांच्यासमोर जुळविली गेली ती केवळ चापयंत्रणा होती. चकमकीची ठिणगी पाडणे एवढेच तिचे काम. ती बसली आणि खटका पडला की परीक्षा संपली. गोळी कोठे जाते हे ठरविणारी नळी या प्रयोगात नव्हती. अदलाबदलीच्या इतिहासाचा पहिला गाजलेला प्रसंग अशा रीतीने नेमाचा प्रश्न बाजूला ठेवूनच घडला.

व्हिटनी यांनी १७९८ मध्ये अमेरिकन शासनाशी १०,००० बंदुकांचा करार केला. १८०१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे मान्यवरांसमोर प्रात्यक्षिक दाखविले. परंतु करार पूर्ण होण्यास १८०९ साल उजाडले. रॉबर्ट वुडबरी यांनी १९६० मध्ये या आख्यायिकेची चिकित्सा केली. उपलब्ध व्हिटनी बंदुकांच्या प्रत्यक्ष तपासणीतही त्यांचे भाग परस्परांत बसत नसल्याचे आढळले.

हॉल यांची रायफल : यश आणि फट

जुळणीच्या अदलाबदलीचे खरे श्रेय प्रामुख्याने जॉन हॉल यांच्याकडे जाते. १८११ मध्ये त्यांनी मागून भरावयाच्या बंदुकीचे पेटंट घेतले आणि १८१९ च्या करारान्वये हार्पर्स फेरी येथील शासकीय शस्त्रशाळेत रायफली बनविण्यास प्रारंभ केला. मेरिट रो स्मिथ यांच्या १९७७ च्या ग्रंथात हॉल यांच्या कार्याचे तपशीलवार विवेचन आहे. हॉल यांची पद्धत दोन तत्त्वांवर उभी होती. एक, प्रत्येक भागाची प्रत्येक टप्प्यावर गेजने तपासणी; आणि दोन, भागावरील सर्व मापे एकाच निश्चित आधारबिंदूपासून घेणे. प्रत्येक माप आधीच्या मापावरून घेतले तर लहान चुका साचत जाऊन शेवटी मोठी चूक होते. आधारबिंदू एकच असल्यास तसे होत नाही. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला आज ही गोष्ट सहज वाटते; त्या काळी मात्र तो नवा विचार होता.

१८२६ च्या अखेरीस शासनाने नेमलेल्या समितीने हॉल यांच्या १०० रायफली सुट्या केल्या, त्यांचे भाग मिसळले व नव्या दस्त्यांवर त्या पुन्हा जुळविल्या. परीक्षा यशस्वी झाली. पुढे १८३४ मध्ये सिमियन नॉर्थ यांच्या मिडलटाउन येथील कारखान्यात बनलेले भागही हार्पर्स फेरीच्या रायफलींत बसू लागले. दोन स्वतंत्र कारखान्यांतील भाग परस्परांत बसणे ही त्या काळातील फार मोठी सिद्धी होय.

तथापि या रायफलीत एक उणीव होती. तिचा दारू भरावयाचा मागील ठोकळा वर उचलला जाई. हा ठोकळा व नळी यांच्या सांध्यातून बार उडताना वायू निसटत असे आणि त्यामुळे गोळीचा जोर घटे. ज्या शस्त्राचे भाग त्या काळात सर्वांत अचूक मापाने बनविले गेले, त्याच शस्त्राच्या नळीच्या मागील टोकाशी ही फट राहिली. गेजने भाग तपासता येई. बार उडाल्यानंतर सांध्यात काय घडते ते तपासता येत नसे.

एन्फिल्ड आणि व्हिटवर्थ : दोन वेगळ्या परीक्षा

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात रॉबिन्स अँड लॉरेन्स या अमेरिकन कारखान्याच्या रायफलींनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले. १८५४ मध्ये एक ब्रिटिश समिती स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रशाळेत गेली. तेथे १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतील प्रत्येकी एक अशा दहा बंदुका निवडून सुट्या करण्यात आल्या व भाग मिसळण्यात आले. एका कामगाराने केवळ पेचकस घेऊन त्या पुन्हा जुळविल्या. समाधान पावलेल्या समितीने अमेरिकन यंत्रे खरेदी केली आणि एन्फिल्ड येथील शासकीय कारखाना नव्या पद्धतीने उभा राहिला. त्याच्या उभारणीत हार्पर्स फेरी येथे घडलेले जेम्स बर्टन हे प्रमुख होते.

१८५७ च्या उठावाच्या संदर्भात एन्फिल्ड रायफलचा उल्लेख आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो. मात्र तो काडतुसावरील चरबीपुरता. १८५७ च्या आरंभी हिंदुस्थानात पोहोचलेल्या या रायफली मुख्यतः बर्मिंगहॅम व लंडन येथील कंत्राटी कारागिरांनी हाताने जुळविलेल्या परंपरेतील होत्या, हेही विद्यार्थ्यांना सांगावयास हवे. हे शस्त्र हस्तकौशल्याच्या युगातून यंत्रयुगात जात असतानाच आपल्या इतिहासात अवतरले.

नेमकी याच सुमारास दुसरी परीक्षा झाली. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने नळीचा व्यास, खाचांचा पीळ आणि गोळीचा आकार यांचा पद्धतशीर अभ्यास करून षट्कोनी छिद्राची रायफल तयार केली. १८५७ मध्ये हाइथ येथे झालेल्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थच्या गोळ्यांचे ०.३७ फूट भरले. तरीही वाढीव खर्च व अरुंद नळीत लवकर साचणारी काजळी यांमुळे सैन्याने ती सार्वत्रिक वापरासाठी स्वीकारली नाही. स्प्रिंगफील्डच्या परीक्षेत प्रश्न होता, 'भाग बसतो का?' हाइथच्या परीक्षेत प्रश्न होता, 'गोळी कोठे लागते?' अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन परीक्षांनी दोन वेगळ्या प्रकारची अचूकता मोजली, आणि शासनाने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी पहिलीची निवड केली.

नळी बदलली असता काय बदलते?

पुढील विवेचनासाठी थोडा तांत्रिक विचार आवश्यक आहे. नळी काढून दुसरी बसविली, किंवा तीच पुन्हा बसविली, तर तीन गोष्टी बदलू शकतात.

पहिली, काडतुसाची बैठक. बोल्टचा पुढील पृष्ठभाग आणि काडतूस जेथे टेकते ती नळीतील जागा यांमधील अंतरास शस्त्रकार 'हेडस्पेस' म्हणतात. ते कमी असल्यास बोल्ट मिटत नाही. अधिक असल्यास काडतुसाचे कवच फाटून वापरणाऱ्याला इजा होऊ शकते. ली-एन्फिल्डच्या .३०३ काडतुसासाठी हे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे इंचाच्या केवळ शंभराव्या भागाच्या मर्यादेत ठेवावे लागे.

दुसरी, नळीचा अक्ष. ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड दुर्बिणीच्या किंवा दर्शकाच्या रेषेपासून ०.१ मिलिमीटर सरकले, तर १०० मीटरवर गोळी सुमारे १.७ सेंटिमीटर आणि ५०० मीटरवर सुमारे ८.३ सेंटिमीटर बाजूला जाते. डोळ्याला न दिसणारा फरक लक्ष्यावर कित्येक सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो.

तिसरी, कंपन. बार उडताना नळी तारेसारखी थरथरते. तिची जाडी, लांबी, पोलादाचा अंतर्गत ताण आणि ती किती जोराने कसली आहे यांवर हे कंपन अवलंबून असते. म्हणून एकाच मापाच्या दोन नळ्या गेजवर एकसारख्या उतरल्या तरी त्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडतील असे नाही.

ली-एन्फिल्ड रायफलच्या व्यवस्थेत ही अडचण स्पष्ट दिसते. तिच्या बोल्टवर रायफलच्या मुख्य भागावरील क्रमांक कोरलेला असे, कारण एका रायफलचा बोल्ट दुसरीत सरसकट वापरावयाचा नसे. दुसऱ्या महायुद्धातील क्र. ४ रायफलसाठी तर बोल्टची पुढची टोके ० ते ३ अशा चार क्रमांकांच्या लांबीत बनविली जात. आर्मरर गेज लावून योग्य क्रमांकाचे टोक निवडत असे. लाखोंच्या संख्येने बनलेल्या यंत्रनिर्मित शस्त्रातही अखेरची जुळणी हातानेच होत होती. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून ली-एन्फिल्ड रायफली बनत. त्यामुळे हे ज्ञान भारतीय कारागीर व आर्मरर यांच्याही अंगी मुरले.

मशीनगनची नळी : चार उत्तरे

सतत गोळीबारामुळे तापणारी नळी रणांगणावरच बदलणे मशीनगनमध्ये अपरिहार्य झाले. तेथे नेमाचा प्रश्न आर्मररच्या टेबलावरून सैनिकाच्या हातात आला. या प्रश्नाची चार उत्तरे इतिहासात आढळतात.

ब्रेन ही मूळ चेक बनावटीची. बर्नो व एन्फिल्ड यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ती भारतीय सैन्यातही दीर्घकाळ राहिली व कानपूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन झाले. तिच्या नळीवरच पुढची माशी बसविलेली असे. त्यामुळे प्रत्येक नळीची माशी आधीच त्या नळीनुसार जुळवून ठेवता येई, आणि नळी बदलली तरी मागील दर्शकाला हात लावावा लागत नसे. जर्मनीच्या एमजी ४२ मध्ये माशी नळीभोवतीच्या आवरणावर होती. तेथे विश्वास होता तो उत्पादनातील एकसारखेपणावर. मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडणाऱ्या शस्त्रात थोडे विचलन खपून जाई. अमेरिकेच्या एम ६० मध्ये माशी नळीवर होती, पण ती सरकविता येत नव्हती. परिणामी प्रत्येक नळीसाठी मागील दर्शक पुन्हा जुळवावा लागे. ब्राउनिंगच्या एम २ या जड मशीनगनमध्ये तर नळी बदलल्यावर सैनिकालाच गेजने हेडस्पेस तपासावा लागे व त्यातील चूक जिवावर बेतू शके. २०१० नंतर आलेल्या एम २ ए १ मध्ये ही तपासणी अनावश्यक करणारी निश्चित मापाची नळी देण्यात आली. मूळ शस्त्राच्या स्वीकारानंतर याला सुमारे पाऊण शतक लागले, ही गोष्ट लक्षणीय होय.

आजची स्थिती

१९९३ मध्ये आलेल्या जर्मन ब्लेझर आर ९३ या शिकारी रायफलने नळी बदलण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. तिचा बोल्ट थेट नळीतच अडकतो आणि दुर्बीणही नळीवरच बसते. नळी, काडतुसाची बैठक व दुर्बीण हे तिन्ही एकत्र निघतात व एकत्र बसतात. म्हणून नेम फारसा ढळत नाही. ब्रेनच्या माशीमागील तत्त्वच येथे पूर्णत्वास गेले आहे. याउलट दुर्बीण मुख्य भागावर बसविणाऱ्या रायफलींत प्रत्येक नळीची नेमनोंद स्वतंत्र ठेवावी लागते. कसण्याचा जोर दर वेळी सारखा राहावा म्हणून विशिष्ट पाना वापरावा लागतो, टेकण्याचे पृष्ठभाग स्वच्छ ठेवावे लागतात आणि बदलानंतर काही गोळ्या झाडून खात्री करावी लागते. हॉल यांचा 'एकच आधारबिंदू' येथे नव्या रूपात भेटतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, अदलाबदलीचा गौरवशाली इतिहास हा बहुतांशी जुळणीच्या परीक्षांचा इतिहास आहे. ब्लाँ, हॉल व स्प्रिंगफील्ड यांच्या नामांकित परीक्षांत गोळी कोठे लागते हा प्रश्न विचारलाच गेला नाही. दुसरा, नेमाची अदलाबदल जेथे साधली, तेथे ती भाग अधिकाधिक एकसारखे करून नव्हे, तर परस्परावलंबी भाग एकत्र ठेवून व प्रत्येक नळीचा स्वभाव स्वतंत्रपणे नोंदवून साधली. तिसरा, कौशल्य नष्ट झाले नाही. त्याची जागा बदलली. कानस चालविणाऱ्या कारागिराकडून ते गेज बनविणाऱ्याकडे, तेथून आर्मररकडे, आणि तेथून नोंदवही बाळगणाऱ्या नेमबाजाकडे गेले.

इशापूर व कानपूर येथील कारखाने ज्या आयुध निर्माणी मंडळाखाली होते ते २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्यांची कंपन्यांत पुनर्रचना झाली. अशा पुनर्रचनेच्या काळात यंत्रांची व जमिनींची मोजदाद होते. आर्मररच्या बोटांतील ज्ञानाची होत नाही. निवृत्त कारागिरांच्या मुलाखती घेऊन हे ज्ञान नोंदविण्याचे काम इतिहास व अभियांत्रिकी या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. नळी बदलता येते. ती नीट बसली आहे की नाही हे ओळखणारा माणूस मात्र सुट्या भागासारखा बदलता येत नाही.